सामना सुरू होण्याआधीचा प्रशिक्षक

ईस्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये, खेळाडूची कारकीर्द फार लांबत नाही. अनेकांची तर विशीतच संपते. मग त्यातले काही जण प्रशिक्षक होतात आणि पाहणाऱ्यांना वाटते, हात मंदावले, म्हणून याने खुर्ची बदलली. डेन्मार्कचा डॅनी सोरेन्सन, ज्याला हे जग 'झॉनिक' म्हणून ओळखते, याची वाटचाल पाहिली तर ही समजूत टिकत नाही. तो काउंटर-स्ट्राइक १.६ या गेमचा नावाजलेला खेळाडू होता. पण इतिहासात त्याचे नाव राहील ते प्रशिक्षक म्हणून. काउंटर-स्ट्राइकमधील सर्वोच्च स्पर्धेला 'मेजर' म्हणतात. झॉनिकच्या संघांनी अशा पाच स्पर्धा जिंकल्या: अ‍ॅस्ट्रालिसने २०१७ मध्ये अटलांटा, २०१८ मध्ये लंडन, २०१९ मध्ये कातोवित्से आणि बर्लिन, तर व्हिटॅलिटीने २०२३ मध्ये पॅरिस. प्रशिक्षण ही स्वतंत्र विद्या आहे, खेळण्याची शिल्लक नव्हे, हे या पाच विजेतेपदांतून दिसते.

ती विद्या नेमकी कोणती, हे समजण्यासाठी एक नियम पाहावा लागेल. या गेममध्ये पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एक संघ ठरलेल्या जागी बॉम्ब लावू पाहतो, दुसरा त्याला अडवतो, आणि अशा अनेक फेऱ्यांचा सामना होतो. पूर्वी प्रशिक्षक संघाच्या मागे उभा राहून सामनाभर सूचना देत असे. ऑगस्ट २०१६ मध्ये गेमची मालक कंपनी व्हॉल्व्हने ते थांबवले. मेजर स्पर्धांत प्रशिक्षकाने फक्त सरावाच्या वेळी, मध्यंतरात आणि तीस-तीस सेकंदांच्या चार टाइमआउटमध्ये बोलायचे, असे ठरले. प्रशिक्षकाचे महत्त्व यामुळे संपेल, असे वाटणे साहजिक होते. पण झॉनिकची पाचही विजेतेपदे या नियमानंतरची आहेत. सामन्यात बोलता येत नाही म्हटल्यावर सगळे काम आधीच करून ठेवावे लागते: प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांची चिरफाड, कोणत्या क्षणी कोणी धुराचा बॉम्ब कुठे फेकायचा याची घोकंपट्टी, आणि ताणाखाली ती विसरू नये म्हणून मनाची मशागत. अ‍ॅस्ट्रालिसचे खेळाडू मोठ्या स्पर्धांत उपांत्य फेरीपर्यंत जाऊन कोलमडतात, अशी त्यांची ख्याती झाली होती. या संघाने मिया स्टेलबर्ग या फिनिश क्रीडा मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये अटलांटाच्या अंतिम सामन्यात निर्णायक मॅप, म्हणजे एका नकाशावरचा डाव, १६-१४ असा खेचून आणला. पुढे धुराचे आणि डोळे दिपवणारे बॉम्ब एकत्रितपणे वापरण्याची या संघाची पद्धत इतरांसाठी धडा ठरली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: खेळाडूच असामान्य होते, प्रशिक्षकाचे त्यात काय? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. अ‍ॅस्ट्रालिसचे चार खेळाडू चारही विजेतेपदांत होते. पॅरिसमध्ये जिंकलेल्या संघातही झॉनिकचे दोन जुने डॅनिश सहकारी होते आणि झायवू हा फ्रेंच खेळाडू तर जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. उलट बाजूही आहे: झॉनिक पुढे फाल्कन्स संघाकडे गेला आणि तो संघ २०२४ च्या दोन्ही मेजर स्पर्धांना पात्रही ठरला नाही. म्हणजे प्रशिक्षक जादूगार नाही, एवढे मान्य करायलाच हवे. पण व्हिटॅलिटीत फ्रेंच, डॅनिश आणि इस्रायली खेळाडू होते आणि संघाची भाषा इंग्रजी झाली होती. अशा पाच जणांनी अर्ध्या सेकंदात एकच निर्णय घ्यावा, हे नुसत्या गुणवत्तेने साधत नाही. त्यासाठी त्यांना एका सुरात आणणारे कोणीतरी लागते. गुणवत्ता ही बी आहे. पण बी आहे म्हणून नांगरणी नको, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

आपल्याला हे अपरिचित वाटू नये. रमाकांत आचरेकर सर प्रथमश्रेणीचा एकच सामना खेळले, पण शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेले क्रिकेटपटू जगाने पाहिले. उत्तम खेळणे आणि उत्तम शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच माणसात येतात तेव्हा तो योग असतो, नियम नव्हे. भारताने डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. तेव्हा या क्षेत्राकडे वळलेल्या मुलामुलींच्या पालकांनी 'किती वर्षे खेळशील?' या प्रश्नावर थांबू नये. 'खेळताना दुसऱ्याला समजावून सांगायला, हरलेला सामना पुन्हा पाहायला आणि सहकाऱ्याला धीर द्यायला शिकतो आहेस का?' हेही विचारावे. बोटे मंदावल्यावर हीच शिदोरी पुरते.