पाण्याच्या चार थेंबांची किंमत

खानदेशातल्या पाचोऱ्यावरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर लोहमार्गावर एका माणसाच्या आयुष्याचे तीन तुकडे पडलेले आहेत. नागपूरच्या पलीकडे राजनांदगाव, इकडे नाशिकजवळचे जलालपूर आणि शेवटी मुंबई. त्या काळी या टोकाहून त्या टोकाला जायचे तर वाट एकच: भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड. माणसाचे नाव नारायण वामन टिळक. तिशीतला कवी, संस्कृतचा व्यासंगी, स्वभावाने कमालीचा लहरी.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांच्या डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. संस्कृत काव्यावरून गप्पा सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून तो निघून गेला. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पुस्तक त्यांनी त्या प्रवाशाच्या शब्दाला मान म्हणून उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले.

बाप्तिस्म्याचा विधी काही मिनिटांचा. डोक्यावर पाण्याचे चार थेंब, थोडी प्रार्थना, संपले. पण त्या थेंबांनी टिळकांची बायको, मुलगा, नातीगोती आणि समाजातली जागा एका दिवसात वाहून नेली. पाण्यात एवढी ताकद आली कुठून?

आश्चर्याची पहिली गोष्ट ही की, नुसत्या विश्वासाला कोणी काही विचारत नव्हते. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांत शिकलेले, बायबल वाचलेले, येशूच्या शिकवणीबद्दल आदराने बोलणारे हिंदू मुंबई-पुण्यात पुष्कळ होते. मनात काय आहे, याची झडती जात कधी घेत नसे. तिचा प्रश्न वेगळा असे: तुम्ही कोणाच्या हातचे खाता, कोणाच्या पंक्तीला बसता, कोणाच्या घरी मुलगी देता?

याचा उत्तम नमुना पुण्यात सापडतो. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. शेवटी चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. मग वर्तमानपत्रात नावे छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा तंटा, पेटले. प्रकरण शंकराचार्यांच्या मठापर्यंत गेले, चौकशी बसली, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या खोलीत एकाही पाहुण्याची श्रद्धा बदललेली नव्हती. चहाच्या एका पेल्यावर जर एवढे रामायण, तर भर मंडळीत बाप्तिस्मा घेणाऱ्याचे काय होत असेल, याचा अंदाज करा.

वाळीत टाकणे म्हणजे मारझोड नव्हे. ते अधिक शांतपणे चालते. न्हावी येत नाही, धोबी कपडे नेत नाही, भटजी दारात पाऊल ठेवत नाही. पाणवठ्यावर जागा नाही, पंगतीत पान नाही, मुलामुलींना सोयरीक नाही आणि घरात कोणी गेले तर खांदा द्यायला चौथा माणूस नाही. धर्मशास्त्रात तर पतितासाठी अख्खा विधी सांगितला आहे. दासीने पाण्याने भरलेली घागर लाथेने उपडी करायची, नातेवाइकांनी सुतक धरायचे. माणूस जिवंत, पण घरच्यांच्या लेखी मेलेला.

ही यंत्रणा लहान पोरालाही सोडत नसे. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला, जेवला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने तो वडिलांच्या ताब्यात दिला. खरी पंचाईत तिथून पुढे. मुलगा परत आला, पण जातीत घ्यायचा कसा? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे, अशी बाजू घेतली, तर त्यांच्यावरच बहिष्काराचे गंडांतर आले. बाहेर जायला एक ताट पुरे, आत यायला पंडितांची सभा पुरत नाही! थोरला नारायण मात्र परतला नाही. पुढे त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गावच वसवले.

घर गेले की पाठोपाठ वाडवडिलांची जमीन आणि वाटा जाई. त्यावर उपाय म्हणून 1850 साली 21 क्रमांकाचा कायदा आला. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले, तरी मालमत्तेवरचा आणि वारसाचा हक्क जाणार नाही, एवढीच त्याची मुख्य ओळ. तिच्याविरुद्ध बंगाल-मद्रासमधून विनंतीअर्जांचा पाऊस पडला. कायद्याने शेत वाचले. पंगतीतले पान वाचवायला कायदा अपुरा होता.

दुसरा कायदा 1866 चा, आणि तो वाचताना आजही थबकायला होते. धर्मांतरामुळे नवऱ्याला किंवा बायकोला जोडीदाराने सहा महिने टाकले, तर ख्रिस्ती झालेल्याने कोर्टात जावे. न्यायाधीशाने जोडीदाराला समोर बोलावून विचारावे: नांदायला तयार आहेस का? नकार आला तर वर्षभर थांबावे, पुन्हा विचारावे. तेव्हाही नकार असेल तर लग्न मोडले असे जाहीर करावे; दोघेही पुन्हा लग्नाला मोकळे. मन वळण्यासाठी एक वर्षाची मुदत खुद्द कायद्याने दिलेली!

टिळकांना ही वाट खुली होती. दीड-दोन वर्षांत ते मोकळे झाले असते. त्यांनी ती धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. ही प्रतीक्षा सुमारे पाच वर्षे चालली.

आणि तिकडे लक्ष्मीबाई. हा किमतीचा हिशेब खऱ्या अर्थाने त्यांच्या नावावर मांडायला हवा. माहेर जलालपूरचे, गोखल्यांचे. 1857 च्या धामधुमीनंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या प्रेताची विटंबना झाली, या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही, असा खाक्या. अशा घरात वाढलेली मुलगी, लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी, शिक्षण नवऱ्याच्या लहरीप्रमाणे अधूनमधून. आणि एके दिवशी कळते की नवरा ख्रिस्ती झाला. पदरात चार वर्षांचाही नसलेला दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कुंकू आहे, पण संसार नाही. नवऱ्याने निवडलेल्या वाटेचा सगळा टोल हिने भरायचा.

नवल म्हणजे, याही बाईने आपला विश्वास सोडला नाही. टिळक आपल्या श्रद्धेला जागले, तशाच लक्ष्मीबाई आपल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही आधी सोवळे-ओवळे सांभाळूनच. नवऱ्याच्या मागे फरफटत त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांच्या मनाने आधी घेतले, मग त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त असे लिहिले आहे की वाचताना डोळे भरून यावेत आणि त्याच पानावर हसू फुटावे. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेले हे आत्मचरित्र मराठीत अजून मापदंड समजले जाते.

उघडपणाची किंमत दुसऱ्या एका बाईने दुसऱ्या तऱ्हेने मोजली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी पुण्यात नेले. शाळा धर्मनिरपेक्ष राहील, असे वचन होते. कोणत्याही मुलीवर त्यांनी सक्ती केली नाही. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना त्यांनी दार उघडे ठेवले आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्या दारावरून 1893 मध्ये गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर संस्था सुखात चालली असती. रमाबाईंनी ते लावले नाही.

मनातल्या विश्वासापेक्षा उघड कृतीला किंमत, हे कोडे महाराष्ट्रापुरते नाही. रोमन सम्राट डेसियसने इ.स. 250 च्या सुमारास हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. अशा चाळीसहून अधिक पपायरसच्या चिठ्ठ्या इजिप्तच्या वाळूत सापडल्या आहेत: अमुक गावच्या अमक्याने आमच्यासमक्ष अर्पण केले, नैवेद्य चाखला, खाली सह्या. रोमन अधिकाऱ्यालाही मनातले काही नको होते. चारचौघांत केलेली एक कृती हवी होती. काही ख्रिस्ती लोकांनी पैसे चारून दाखला मिळवला आणि जीव वाचवला. ज्यांनी नाकारला, ते तुरुंगात गेले किंवा मेले.

या मराठी माणसांची आणखी एक बाजू क्वचित सांगितली जाते. ते आपल्या जातीपुढे जसे ताठ उभे राहिले, तसेच मिशनरींपुढेही. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींनी शिकवलेले सिद्धांत जसेच्या तसे मान्य करायला रमाबाईंनी नकार दिला. टिळकांनी येशूची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, ख्रिस्ती व्हायला साहेब व्हावे लागत नाही असे बजावले, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. एकदा सगळे गमावलेला माणूस दुसऱ्यांदा गमवायला निघाला होता.

आणि खानदेशाचा धागा? 1907 साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तिथे धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हाच मुलगा पुढे टिळकांच्या ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला माया लावली. 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा उणीपुरी तेवीस वर्षे झाली होती. ज्या घराशी रोटीव्यवहार बंद व्हायचा, त्याच घरात खानदेशातल्या ब्राह्मणाचे पोर जेवले, रुसले, कविता लिहीत बसले. वाळीत टाकण्याची भिंत फुटते ती अशी, वादविवादाने नव्हे तर ताटाने.

आज राज्यघटनेचे 25 वे कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क देते. तरी हिशेब मिटलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. खानदेशातला भिल्ल किंवा पावरा ख्रिस्ती झाला तर त्याचे अनुसूचित जमातीचे स्थान जात नाही, पण दलित ख्रिस्ती झाला तर जातीचा दाखला आणि त्यासोबतच्या सवलती जातात. प्रश्न अनेक वर्षे सर्वोच्च न्यायालयात आहे. 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोगही नेमला.

निकाल काय लागायचा तो लागो. एवढे मात्र खरे की श्रद्धा मनात दडवली तर दलिताचा दाखला शाबूत राहतो आणि अर्जावर लिहिली तर जातो. खरे बोलणाऱ्याला दंड आणि गप्प बसणाऱ्याला सवलत देणारा नियम कोणत्याही धर्माच्या माणसाने न्याय्य मानू नये.