पूर्वरंग, उत्तररंग आणि मधला विसावा

सभेपुढे विषय मांडण्याची एक पक्की चौकट नारदीय कीर्तनात आढळते. नमनानंतरच्या पूर्वरंगात, म्हणजे एखाद्या अभंगाच्या किंवा पदाच्या आधारे केलेल्या तत्त्वनिरूपणात, कीर्तनकार एकच सूत्र श्रोत्यांच्या मनात रुजवतो आणि उत्तररंगात, म्हणजे आख्यानात, तेच सूत्र कथेतून उभे करतो. दोहोंच्या मधला नामगजर आणि कीर्तनकारास हार घालून बुक्का लावण्याची प्रथा यांना केवळ उपचार मानणे अन्यायाचे ठरेल, कारण गहन निरूपणाने शिणलेले श्रोत्यांचे अवधान तेथेच विसावते आणि कथेसाठी पुन्हा ताजे होते. आजच्या सादरीकरणांत नेमका हाच विसावा बहुधा गाळला जातो. आख्यान संपताना कीर्तनकार मूळ पदाकडे परततो, त्यामुळे निरूपण व कथा यांची सांगड श्रोत्यांना आपोआप उमगते.