सुगम्य संकेतस्थळ

दृष्टी, श्रवण, वाणी, हालचाल अथवा आकलन यांपैकी कोणत्याही बाबतीत न्यूनता असलेल्या व्यक्तीस दुसऱ्यावर विसंबून न राहता वाचता, समजून घेता व वापरता येईल अशा रीतीने रचलेल्या संकेतस्थळास सुगम्य संकेतस्थळ असे म्हणतात. त्यासाठी दिव्यांगांकरिता निराळे संकेतस्थळ तयार करणे अभिप्रेत नसून, सर्वांसाठी असलेल्या एकाच संकेतस्थळाची रचना निर्दोष करणे अभिप्रेत आहे.

अंध व्यक्ती संगणक किंवा भ्रमणध्वनी वापरताना स्क्रीन रीडर या आज्ञावलीचे साहाय्य घेतात. ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखविते अथवा ब्रेल पट्टीवर उमटविते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात विकसित होऊ लागलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी विनामूल्य आज्ञावली भारतातही वापरली जाते. ज्यांचे हात स्थिर राहत नाहीत ते माऊसऐवजी कळफलक किंवा एखादी विशेष कळ वापरतात. बधिर व्यक्तींना ध्वनिचित्रफितीतील बोलणे अक्षररूपात लागते. ही साधने वापरणाऱ्याजवळ असली, तरी पृष्ठाची घडण सदोष असेल तर ती निरुपयोगी ठरतात.

तत्त्वे व निकष : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये सुगम्यतेचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला व १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या पुढील आवृत्त्या २००८, २०१८ व २०२३ मध्ये निघाल्या. २००८ पासून या तत्त्वांची मांडणी चार सूत्रांवर झाली आहे : आशय कोणत्या तरी इंद्रियाने ग्रहण करता यावा, नियंत्रणे वापरता यावीत, भाषा व क्रम समजण्याजोगे असावेत, आणि निरनिराळ्या साधनांवर पृष्ठ टिकून राहावे. निकषांच्या ए, एए व एएए अशा तीन श्रेणी असून सर्वसाधारणपणे एए ही श्रेणी अपेक्षिली जाते. तीनुसार सामान्य आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांतील तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४·५ : १ असावे लागते (शुद्ध काळे व पांढरे यांचे २१ : १ असते). अक्षरे २०० टक्के मोठी केली तरी आशय तुटता कामा नये, तसेच कोणताही भाग सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकता कामा नये, कारण त्यामुळे अपस्माराचा झटका येऊ शकतो.

भामरागडचे उदाहरण : सुगम्यतेचे महत्त्व गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळील या गावाचा आलापल्लीकडील मार्ग पर्लकोटेच्या पुराने वेळोवेळी बंद पडत आला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तर पुराचे पाणी गावातच शिरले होते. अशा वेळी पूर्वसूचना कळण्याचे एक साधन म्हणजे संकेतस्थळ अथवा भ्रमणध्वनीवरील संदेश होय. परंतु सूचनापत्राचे केवळ छायाचित्र टाकले, तर स्क्रीन रीडरला त्यात अक्षर सापडत नाही. तोच मजकूर टंकित स्वरूपात दिल्यास अंध व्यक्तीला तो ऐकता येतो. शिवाय तो आकाराने लहान असल्याने क्षीण जाळ्यावरही लवकर पोहोचतो. पावसाच्या इशाऱ्यांचे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे रंग नकाशावर दाखविताना जिल्ह्याचे नाव व इशाऱ्याची पातळी शब्दांत दिली नाही, तर अंध व रंगांध या दोघांनाही तो नकाशा मुका राहतो.

दुसरा प्रश्न अर्जांचा आहे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वैश्विक ओळखपत्राच्या केंद्रीय संकेतस्थळामार्फतच देणे बंधनकारक झाले. प्रत्यक्ष तपासणी रुग्णालयात होत असली, तरी आरंभ संगणकीय अर्जाने होतो. अशा कोणत्याही अर्जातील रकान्यांना नावे जोडलेली नसतील, चित्रातील वाकडी अक्षरे ओळखण्याची अट असेल किंवा ठरावीक मिनिटांत अर्ज आपोआप बंद होत असेल, तर अंध अर्जदाराला परक्याच्या हाती आपली कागदपत्रे व परवलीचा अंक सोपवावा लागतो. मंद जाळ्याच्या प्रदेशात वेळेची अट डोळस अर्जदारालाही नडते. म्हणून मुदत वाढविण्याची सोय व चित्राला ध्वनीचा अथवा अन्य पर्याय ठेवणे आवश्यक असते.

तिसरा प्रश्न भाषेचा होय. तालुक्यातील बहुसंख्य लोक माडिया गोंड असून त्यांची माडिया ही बोली द्राविड कुलातील आहे. त्यांच्या दृष्टीने कार्यालयीन मराठी ही दुहेरी अडचण ठरते. सोपी वाक्ये, स्पष्ट चित्रे आणि माडियातील ध्वनिमुद्रित निवेदन यांची जोड दिल्यास आकलनाची न्यूनता असलेल्यांबरोबरच अल्पशिक्षितांचाही लाभ होतो.

मराठी मजकुराचे विशेष : युनिकोडपूर्व काळातील टंकांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक रोमन अक्षरे वाचतो. कागद क्रमवीक्षित करून बनविलेल्या फाइलीत तर केवळ चित्रच असते. यास्तव शासकीय निर्णय, याद्या व परिपत्रके युनिकोडमध्ये आणि शीर्षके व तक्ते यांची रचना कायम ठेवून प्रसिद्ध केली पाहिजेत. पृष्ठाची भाषा मराठी असल्याचा संकेतही आत नोंदवावा लागतो. अन्यथा मजकूर हिंदी किंवा इंग्रजी आवाजात वाचला जाऊन ‘चार’ व ‘चमचा’ यांतील ‘च’चा भेद नाहीसा होतो.

भारतातील तरतुदी : संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांगविषयक करारात आंतरजालाच्या सुगम्यतेचा समावेश असून भारताने २००७ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम निघाली. २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक दोन भागांत (२०२१ व २०२२) प्रसिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी खटल्यात सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, तर बंधनकारक असले पाहिजेत असा निर्णय दिला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला.

तपासणी : काही दोष आज्ञावलीने आपोआप शोधता येतात, तथापि चित्राला दिलेले वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही, हे यंत्र पूर्णपणे ठरवू शकत नाही. त्यासाठी केवळ कळफलकाने संपूर्ण अर्ज भरून पाहणे आणि दिव्यांग व्यक्तींकडून प्रत्यक्ष परीक्षण करून घेणे हाच खात्रीचा मार्ग होय. संकेतस्थळावर रोज नवा आशय येत असल्याने एकदा केलेली तपासणी पुरेशी ठरत नाही. साचा सुगम्य असला, तरी त्यात मजकूर भरणारा कर्मचारी अप्रशिक्षित असेल, तर पहिल्याच क्रमवीक्षित परिपत्रकाने त्या साच्याचा उपयोग संपतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या सु. २९·६३ लाख होती. शासकीय सेवा जसजशा आंतरजालावर येतात, तसतशी संकेतस्थळाची घडण ही या नागरिकांसाठी कार्यालयाच्या दारातील पायरी किंवा उतार ठरते.