डार्क चॉकलेटने मेंदू खरंच 'चार्ज' होतो का?

माझा चुलत भाऊ धाराशिवला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, रात्री झोपच येईना. वाचलेलं लक्षात राहीना." खोदून विचारलं तेव्हा कळलं, की 'डार्क चॉकलेटने मेमरी वाढते' अशी रील बघून हा पठ्ठ्या रोज रात्री अकराला मोठा बार संपवत होता. मी डॉक्टर नाही, कोडिंग करणारा माणूस आहे. पण दावा तपासायला बसलो. जे सापडलं ते सोप्या भाषेत सांगतो.

आधी रॅपर वाचा

सुट्टे नसले की दुकानदार हातावर जी गोळी ठेवतो, तिलाही आपण चॉकलेटच म्हणतो. तिच्यात बहुतेक वेळा कोको नसतोच. रॅपरवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव साखरेचं असेल तर त्यात सगळ्यात जास्त साखरच आहे. मेंदूबद्दलचे दावे मात्र कोकोबद्दल असतात.

'लो बॅटरी'चं नोटिफिकेशन

आपण जागे असतो तसतसा मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो आपल्या ठरलेल्या जागी चिकटला की झोप यायला लागते. कोकोमधलं कॅफिन ती जागा आधीच अडवून बसतं. थिओब्रोमिनही तेच करतं, पण जरा कमी जोरात. ७० टक्क्यांच्या वरच्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे जवळपास एक कप कॉफी. मिल्क चॉकलेटमध्ये २० च्या आसपास. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायलाच सुमारे ५ तास लागतात.

म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही, फक्त 'लो बॅटरी'चं नोटिफिकेशन बंद होतं.

मेमरीचं काय?

कोकोत फ्लॅवनॉल नावाचे घटक असतात. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात ५० ते ६९ वयाच्या ३७ जणांना तीन महिने कोकोचं पेय दिलं. रोज ९०० मिलिग्रॅम फ्लॅवनॉल घेणाऱ्यांची स्मरणशक्तीची एक चाचणी सुधारली. पण ते खास बनवलेलं पेय होतं, बार नव्हे. शिवाय अभ्यासाचा काही खर्च एका चॉकलेट कंपनीने केला होता. पुढे कॉसमॉस-माइंड ही मोठी चाचणी झाली. २०२२ च्या निकालात ६५ वर्षांपुढच्या २,२६२ जणांमध्ये, तीन वर्षं रोज कोकोचा अर्क घेऊनही बुद्धीच्या एकूण चाचण्यांत फायदा दिसला नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांसाठी बार म्हणजे मेमरी कार्ड नाही, एवढं नक्की.

मग सारखं खावंसं का वाटतं?

१९९४ मध्ये मिचेनर आणि रोझिन यांनी चॉकलेटची तलफ आलेल्या लोकांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या. तलफ गेली नाही. खरं चॉकलेट खाल्ल्यावर गेली. म्हणजे मजा चव, वास आणि तोंडात विरघळण्यात आहे. साखर आणि स्निग्ध पदार्थ एकत्र आले की मेंदूला ते जास्तच हवंसं वाटतं. आपल्या कुंथलगिरीच्या पेढ्यातही तीच जोडी आहे, म्हणून एकावर थांबवत नाही!

दुसरं कारण डोपामिन. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांना आधी खूण दाखवून मग रस दिला. सवय झाल्यावर डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर नाही, तर खूण दिसताच जाग्या व्हायला लागल्या. रॅपरचा चुरचुर आवाज किंवा फोनची 'टिंग' या तशाच खुणा.

मग करायचं काय?

भावाला तीनच गोष्टी सांगितल्या. चॉकलेट खायचं तर दुपारी, दोन-तीन तुकडे. रात्री बार बॅगेत आणि फोन सायलेंटवर. आणि झोप पूर्ण घ्यायची, कारण दिवसभर वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेतच.

आठवड्याने त्याचा मेसेज आला, "दादा, काल साडेदहालाच डोळा लागला." रील अजून बघतो म्हणे, पण आता दावा आला की आधी मला पाठवतो.