मोबाईलवरची पेठ : फायदा किती, खबरदारी कोणती?

कापडाच्या धंद्यात बातमीला मालाइतकीच किंमत असते. सुताचा भाव काय निघाला, कोणती पार्टी पैसे रखडवते, हे ज्याला सकाळी कळते तो तरतो. ज्याला संध्याकाळी कळते तो मार खातो. पूर्वी ही बातमी दलालाकडून किंवा चहाच्या हॉटेलात मिळे. आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमागधारक आणि आम्ही व्यापारी ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर घेतो. सुताचा ग्रुप वेगळा, ग्रे कापडाचा वेगळा, मागाच्या सुट्या भागांचा वेगळा.

एकाच हुन्नराच्या लोकांनी असे इंटरनेटवर जमणे जगभर चालू आहे. अमेरिकेत 2007 साली हाताने लोकर विणणाऱ्यांसाठी ‘रॅव्हलरी’ सुरू झाली. कोणता नमुना कोणत्या लोकरीने विणला, लोकर किती लागली, याची नोंद विणणारे तेथे ठेवतात आणि दुसरे ती पाहून खरेदी करतात. त्या जागेची ताकद आहे ती या नेमक्या नोंदीत.

आपल्याकडे मात्र संख्येचा सोस दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा 2016 मध्ये 256 आणि 2022 मध्ये 1024 माणसांची केली. माणसे वाढली म्हणून एतबार वाढत नाही. आमच्या पाहण्यात एका पार्टीची तिघांनी ग्रुपवर तारीफ केली. तिघेही तिचेच दलाल निघाले. म्हणून चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, भाव पूर्ण लिहावा. ‘सूत तेज आहे’ ही बातमी नव्हे. काउंट, गिरणी, रोख की उधार, किती दिवसांची उधारी आणि तारीख, एवढे असेल तरच ती कामाची.

दुसरी, ग्रुपमध्ये प्रवेश ओळखीच्या माणसाच्या हवाल्यानेच द्यावा. नव्या पार्टीला माल देण्यापूर्वी तिचा जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहावा. नोंदणी केव्हाची, चालू की रद्द, रिटर्न भरले जाते की नाही, हे फुकट कळते.

तिसरी, पैसे अडकले म्हणून कोणाला ग्रुपवर ‘चोर’ लिहू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि मग फिर्यादीच आरोपी बनतो. कोणी विचारले तर त्यालाच खासगीत बिलाची तारीख आणि बाकी तेवढी सांगावी. वसुलीचा रस्ता वेगळा आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला 2006 च्या कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास व्याजासह मागणी घेऊन सुविधा परिषदेकडे जाता येते.

चौथी, ॲडमिनने जागे राहावे. सभासदाच्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. तरी अफवा आणि राजकारण टाकणाऱ्याला बाहेर काढणे त्याच्याच हाती आहे.

ज्या छोट्या कारखानदाराची पेठेत ऊठबस नाही, त्यालाही आज ग्रुपमुळे भाव कळतो. ही मोठी सोय आहे. ती टिकावी म्हणून या चार गोष्टी आपापल्या ग्रुपच्या माथ्यावर लिहून लावायला ॲडमिनला सांगावे.