‘कळविणे’ आणि ‘कळणे’ : ‘अप्राइझ’ या इंग्रजी क्रियापदाच्या निमित्ताने

इंग्रजीच्या औपचारिक पत्रव्यवहारात आणि न्यायालयीन भाषेत आढळणाऱ्या ‘अप्राइझ’ या क्रियापदाला मराठीत सामान्यतः ‘कळविणे’ हा प्रतिशब्द योजतात. तो चुकीचा नाही. मात्र तो कोणत्या अर्थाने यथार्थ ठरतो, हे तपासून पाहणे उद्बोधक आहे.

‘अप्राइझ’ हे क्रियापद सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमधून इंग्रजीत आले. मूळ फ्रेंच क्रियापदाचे ‘शिकणे’ आणि ‘शिकविणे’ असे दोन्ही अर्थ होतात. त्याच्याही मुळाशी ‘पकडणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. हाताने धरण्यापासून बुद्धीने धरण्यापर्यंतचा हाच अर्थप्रवास संस्कृत ‘ग्रह्’ धातूवरून आलेल्या ‘ग्रहण’ शब्दातही दिसतो. उच्चारसाम्यामुळे ज्याच्याशी याची गल्लत होते, ते ‘अप्रेझ’, म्हणजे मूल्य ठरविणे, हे मात्र ‘किंमत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेले निराळे क्रियापद होय.

रचनेच्या दृष्टीने ‘अप्राइझ’चे कर्म माहिती नसून माणूस असते, माहिती ‘ऑफ’ या शब्दयोगी अव्ययाने जोडली जाते. ‘त्याला निकाल कळविला’ या मराठी वाक्यात कर्म ‘निकाल’ आहे. ‘त्याला निकालाविषयी अवगत केले’ ही रचना इंग्रजीला अधिक जवळची. तरीही ‘कळविणे’चे एक बलस्थान आहे. ते ‘कळणे’चे प्रयोजक रूप आहे आणि ‘मला कळले’ या प्रयोगात ज्ञान होणाऱ्या व्यक्तीलाच महत्त्व असते. पत्राच्या अखेरीस लिहिले जाणारे ‘कळावे’ हेही लिहिणाऱ्याच्या सांगण्यावर नव्हे, तर वाचणाऱ्याच्या जाणण्यावर बोट ठेवते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये अटकेची कारणे सांगण्यासाठी ‘इन्फॉर्म’ आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेची कारणे पोचविण्यासाठी ‘कम्युनिकेट’ ही क्रियापदे आहेत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिलेल्या ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात याच दुसऱ्या शब्दाचा कस लागला. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश व त्याची कारणे इंग्रजीत होती. स्थानबद्धास इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारण्यात आली. आदेश बजावताना तोंडी भाषांतर करून सांगितले होते व इंग्रजी ही अद्याप राजभाषा होती, असे समर्थन पुढे आले. न्यायालयाने ते अमान्य केले. इतका विस्तृत दस्तऐवज एकदा ऐकवल्याने कारणे ‘पोचली’ असे होत नाही. स्थानबद्धास समजणाऱ्या भाषेत व लिपीत ती मिळाली पाहिजेत, असे ठरवून त्याच्या मुक्ततेचा आदेश दिला. २०२५ सालच्या ‘विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या निर्णयात अटकेच्या कारणांबाबतही, ती समजणाऱ्या भाषेतच परिणामकारकपणे सांगितली जावीत, यावर न्यायालयाने भर दिला.

भाषांतरकाराने म्हणून प्रत्येक ठिकाणी क्रिया कोठे पूर्ण होते, हे पाहावे. केवळ सूचना निघाली असेल, तर ‘सूचना दिली’ म्हणणे पुरेसे आहे. ऐकणाऱ्यास वस्तुस्थितीचे ज्ञान झाले असा अर्थ अभिप्रेत असेल, तेथे ‘अवगत केले’ किंवा ‘जाणीव करून दिली’ हे शब्द योग्य. ‘कळविले’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. परंतु त्याच्या पोटातील ‘कळणे’ विसरले गेले, तर तो नुसत्या जावक क्रमांकाचा पर्याय होऊन बसतो.