बारा तास की बारा महिने?

खरं सांगते, सायन्स फिक्शन म्हटलं की माझी मजल रविवारी दूरदर्शनवर लागणाऱ्या 'स्टार ट्रेक'पर्यंतच. तेही भावांच्या हट्टामुळे. मी आपली शेंगा सोलता सोलता एक डोळा तिकडे ठेवायचे. त्यामुळे गेल्या वर्षी लेकीकडे कार्डिफला गेले आणि तिनं 'आई, आज 'डॉक्टर हू' बघायचं' असं फर्मान काढलं, तेव्हा मला वाटलं, ही नर्स, म्हणजे हॉस्पिटलचीच मालिका असणार!

कसलं हॉस्पिटल नि कसलं काय! हा डॉक्टर परग्रहावरचा. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-खोक्यात बसून काळातून भटकणारा. मालिका १९६३ ची. तेव्हाची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट अवघी २७ वर्षांची. बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची ती एकमेव स्त्री निर्माती. पहिल्या भागांचा दिग्दर्शक वारिस हुसेन तर आपल्या लखनौत जन्मलेला! १९८९ मध्ये मालिका बंद पडली. मध्ये १९९६ मध्ये एक टीव्हीपट आला, तेवढाच. मग रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली. २६ मार्च २००५ ला नवा पहिला भाग लागला आणि एक कोटीहून जास्त लोकांनी तो पाहिला. बनली ती कार्डिफमध्येच. लंडन म्हणून दाखवलेले बरेचसे रस्ते इथलेच, हे लेक मला पडद्यावर बोट ठेवून सांगत होती.

पहिल्या भागाचं नावच 'रोझ'. रोझ १९ वर्षांची, दुकानात काम करणारी, शिक्षण अर्धवट सुटलेलं. एका रात्री दुकानातले प्लॅस्टिकचे पुतळे चालायला लागतात आणि डॉक्टर तिचा हात धरून तिला पळवतो. पुतळे बघून मला हसूच आलं. पण शेवटी डॉक्टर संकटात सापडतो, तेव्हा ही पोरगी लहानपणीच्या जिम्नॅस्टिक्सच्या जोरावर साखळीला लटकून त्याला वाचवते. तिथे मी शेंगा खाली ठेवल्या. हो, शेंगा मी तिकडेही नेल्या होत्या!

दुसऱ्या भागात ती पाच अब्ज वर्षं पुढे जाते. सूर्य फुगून पृथ्वी जळणार, आणि ते बघायला श्रीमंत पाहुणे जमलेले. तिथे पाइप दुरुस्त करणारी एक निळ्या कातडीची बाई आहे. पाहुण्यांनी परवानगी दिल्याशिवाय तिला बोलायची मुभा नाही. रोझ तिच्याशी सहज बोलते, तर ती बिचारी आभार मानते. पृथ्वीच्या अंतापेक्षा तेच मनाला जास्त लागलं.

मग डॉक्टर रोझचा मोबाइल असा काही दुरुस्त करतो, की फोन थेट तिच्या काळात, तिच्या आईला लागतो. आई तिकडे कपडे धुतेय. 'काय झालं गं?' विचारते आणि लगेच टॉपचं गाऱ्हाणं सुरू. लेक 'काही नाही' म्हणते. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात येतं, की आता, या क्षणी, आपली आई कधीच गेलेली आहे.

मी हसत होते. शेजारी बघितलं तर लेक गप्प.

'आई, पहिल्या वर्षी मी तुला असेच फोन करायचे,' ती म्हणाली. 'नाइट ड्यूटीत कुणी पेशंट गेला की बाथरूममध्ये रडून घ्यायचे, मग तुला फोन. आणि तू सांगायचीस, दुधाचा भाव वाढला.'

मैत्रिणींनो, काय बोलणार? तिनं इकडे यायचं ठरवलं, तेव्हा आठ दिवस अबोला धरला होता मी. मग तिनं तरी कुठल्या तोंडानं सांगावं, की आई, जड जातंय?

चौथ्या भागात रोझ घरी परतते. तिच्या हिशेबानं बारा तास झालेले, आईच्या हिशेबानं बारा महिने! आईनं भिंतींवर 'हरवली आहे'चे कागद लावलेले. डॉक्टरच्या ती एक सणसणीत थोबाडीत देते. मी टाळीच वाजवली. आमच्या आजीनं सांगितलेली रैवत राजाची गोष्ट आठवली. लेकीसाठी वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणं चालू होतं म्हणून थोडा थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटली. गेलेल्याचा काळ वेगळा नि घरी थांबलेल्याचा वेगळा, हे आपल्याला काय, ठाऊकच होतं.

पण गोष्टीत राजा लेकीबरोबर गेला होता. मी मात्र घरी बसून दिवस मोजले आणि तिचेही तेवढेच गेले असं धरून चालले.

आता तिचा फोन आला की 'काय झालं?' विचारते आणि गप्प बसते. दुधाच्या भावाचं जिभेवर येतं, पण गिळते. पाचएक मिनिटं ती इकडचं तिकडचं बोलते. मग हळूच खरं सांगायला लागते.